स्की बूट: अख्खा हंगाम वापरल्यानंतर

स्की बूट दुकानात दहा मिनिटं घालून त्यावर छातीठोक मत देणारे पुष्कळ भेटतात. ही जोडी मी पूर्ण हंगाम वापरली आहे, आणि तीही मोठ्या रिसॉर्टवर, जिथे सकाळी पहिल्या गोंडोलात, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या बंद डब्यात, चढलं की लिफ्ट बंद होईपर्यंत पाय बुटातून निघत नाही. स्की भाड्याने घेतली तरी चालते, जॅकेट कुणाचं मागून आणलं तरी चालतं. बूट मात्र स्वतःचा हवा आणि स्वतःच्या पायाला बसवून घेतलेला हवा. बूट चावायला लागला की शेकडो किलोमीटरचे उतार समोर असले तरी त्यांचा उपयोग शून्य. माणूस दुपारी दोनलाच कॅफेटेरियात बकलं उघडून बसतो.

माझा बूट चार बकलांचा, बायकांसाठीचा, माप २४.५, रुंदी १०० मिलिमीटर, फ्लेक्स ९५, खाली ग्रिपवॉक तळवा, म्हणजे चालायला सोयीचा, खाचांचा तळवा. यातलं २४.५ म्हणजे पावलाची लांबी, सरळ सेंटिमीटरमध्ये. १०० ही चवड्यापाशी आतल्या रुंदीची मोजणी. ९८ म्हणजे अरुंद, १०२ म्हणजे ऐसपैस. फ्लेक्स म्हणजे पुढे झुकताना बूट किती विरोध करतो ते. दुकानदार सगळ्यात जास्त बोलतात ते याच आकड्याबद्दल, आणि सगळ्यात कमी भरवशाचाही हाच, कारण तो ठरवायचं सगळ्या कंपन्यांचं मिळून एक मानकच नाही. एकीचा ९५ दुसरीच्या ८५ इतका मऊ निघू शकतो. त्यात प्लॅस्टिक थंडीत आणखी ताठ होतं, त्यामुळे दुकानातल्या उबेत जमलेला बूट सकाळी वरच्या टोकाला निराळाच वागतो.

मापाची खरी परीक्षा लायनर, म्हणजे आतला मऊ अस्तराचा भाग, काढून होते. रिकाम्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडक कवचात, पाऊल घालायचं, बोटं पुढे जेमतेम टेकवायची आणि टाचेमागे किती फट उरते ते बघायचं. दीड ते दोन सेंटिमीटर असेल तर ठीक. त्याहून जास्त उरली तर तो बूट कितीही मऊ वाटला तरी खाली ठेवावा. बहुतेक कंपन्या शेल पूर्ण मापातच बनवतात, म्हणजे २४ आणि २४.५ ला बाहेरचं कवच एकच. ‘अर्धं माप मोठं देतो’ या वाक्याला भुलण्यात काही अर्थ नाही.

पहिले काही दिवस जाच झाला, हे लपवत नाही. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे टेकत होती. गुडघे पुढे वाकवले की टाच मागच्या खोबणीत बसायची आणि बोटं सुटायची. असंच असायला हवं, पण हे माहीत नसलेला माणूस त्याच दिवशी बूट परत करेल. दुसरा त्रास उजव्या घोट्याच्या आतल्या हाडाचा. तिथे दुकानात शेल तापवून जरा फुगवून घेतलं आणि तो विषय संपला. इनसोल मात्र वेगळा घ्यावा लागला. बुटासोबत आलेला इनसोल म्हणजे पुठ्ठ्याचा तुकडा. पावलाच्या कमानीला त्याचा काडीचा आधार नव्हता आणि तिसऱ्या-चौथ्या उतारानंतर तळव्यात रग लागायची.

आता दिवसभराच्या वापराबद्दल. पार्किंगपासून लिफ्टपर्यंतचं अंतर, लोखंडी जिने, ओले फरशीचे मार्ग या सगळ्यावर ग्रिपवॉक तळवा जुन्या सपाट तळव्यापेक्षा फारच सुखाचा. तो पुढून थोडा गोलसर असल्याने पाऊल नीट उचललं जातं. एक अट आहे: बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारा आणि जादा ताण आला की सोडणारा भाग, तोही या तळव्याला चालणारा असावा लागतो. बूट बदलला की बाइंडिंग पुन्हा जुळवून घ्यायचं, कारण ते किती ताणावर सुटायचं ते वजन, उंची, वय, स्की करायची पद्धत आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवर ठरतं. ती लांबी मिलिमीटरमध्ये टाचेजवळ प्लॅस्टिकवरच कोरलेली असते. हे काम दुकानातच करून घ्यावं, घरी स्क्रूड्रायव्हर चालवू नये.

या तळव्याचा एक उपद्रवही आहे. खाचांमध्ये बर्फ भरतो आणि दाबून त्याची घट्ट वडी होते. मग टाच कितीही दाबली तरी बाइंडिंग ‘खट्’ करून लागत नाही. लागल्यासारखं वाटतं, पण पहिल्या वळणाला स्की निघून जाते. बाइंडिंगच्या पुढच्या तोंडावर तळवा दोनदा खरवडायचा, तरी उरलं तर काठीच्या टोकाने उकरायचं. भुसभुशीत बर्फात हे दर वेळी करावं लागतं आणि मागे थांबलेल्यांच्या नजरा सोसाव्या लागतात.

सकाळी ग्रूमिंग केलेल्या, म्हणजे यंत्राने सपाट केलेल्या, बारीक रेघा उमटलेल्या कडक उतारावर हा बूट अगदी मनासारखा चालतो. नडगीने जिभेवर जरा भार दिला की स्कीची धार लगेच चावते, मधे ढिलाई जाणवत नाही. दुपारनंतर त्याच उताराचे ढिगारे होतात, पायही थकलेले असतात, तेव्हा ९५ चा कडकपणा मला थोडा जड जातो. रोज दिवसभर स्की करणाऱ्या, भारदस्त अंगाच्या बाईला हाच बूट कदाचित मऊ वाटेल. निळ्या खुणेच्या सोप्या उतारांवर रमणाऱ्या नवशिकीने याच्या वाटेला जाऊ नये. ७०-८० पुरेसा आहे. बायकांच्या बुटाची मान बुटकी ठेवतात, कारण पोटरी खालून भरायला लागते. माझ्या पायाला ते सोयीचं पडलं. लांब पायांच्या मैत्रिणीला तीच मान अपुरी वाटली आणि तिने पुरुषांच्या मापातला बूट घेतला. पाटीवर काय लिहिलंय ते बाजूला ठेवून पोटरी कुठे लागते ते पाहावं.

बकलांबद्दल माझं मत ठाम आहे. बोटांवरचं बकल नुसतं लागून राहील इतकंच लावायचं. टाच जागेवर धरते ती घोट्यापुढच्या बकलाने, घट्ट करायचं ते हेच. मोठ्या डोंगरावर लिफ्टचा प्रवास लांबतो. कॅनडातल्या व्हिसलर ब्लॅककोंबला दोन डोंगर जोडणारा गोंडोलाच ४.४ किलोमीटरचा आहे. अशा वेळी वरची दोन बकलं सोडून बसायचं आणि उतरण्याआधी लावायची. नाहीतर पायाला मुंग्या येतात आणि मग ‘बूट थंड आहे’ म्हणून बुटाच्या नावाने खडे फोडले जातात. मोजाही एकच आणि पातळ. जाड मोज्याने ऊब वाढत नाही, रक्त अडतं आणि बोटं उलट जास्त गारठतात. एवढं सगळं पाळूनही वाऱ्याच्या चेअरलिफ्टवर माझे अंगठे गारठतातच. उबेच्या बाबतीत या बुटाला मी काठावर पास करेन.

तक्रारी दोन. वरच्या पट्ट्याचं व्हेल्क्रो ओलं झालं की दुपारपर्यंत सुटायला लागतं. आणि बोटांवरच्या बकलाच्या दात्यांमध्ये बर्फ गोठून बसतो, तो हातमोज्याने निघत नाही. कंपनीला लिहिलं, उत्तर आलं नाही.

लायनर मात्र अपेक्षेप्रमाणेच दबला. हंगामाच्या मध्यापर्यंत ज्या दात्यावर मी बकल लावत होते, आता त्याच्या पुढच्या दात्यावर लावते आणि तरी टाच किंचित हलते. सुरुवातीला ऐसपैस घेतला असता तर आज पाय आत पोहत असता. रोज रात्री लायनर बाहेर काढून साध्या हवेत वाळवते, हीटरला टेकवत नाही. बूट ठेवताना बकलं सैलसर लावून ठेवते, नाहीतर शेलचा आकार बिघडतो आणि सकाळी गार प्लॅस्टिक उघडताना जीव मेटाकुटीला येतो.

डांबरावर चालून तळव्याचं टाचेखालचं रबर झिजलं आहे. ते बदलता येतं, फक्त सुटा भाग त्याच मॉडेलचा मिळायला हवा, ते घेण्याआधीच विचारून ठेवा. शेल अजून ठणठणीत आहे. पुढच्या हंगामाला लायनर नवा टाकणार, बूट हाच ठेवणार.