सोलापुरात शिलाई मशीनची सर्व्हिसिंग, पूर्व भागातल्या अण्णांकडचा अनुभव

मी घरी युनिफॉर्मचं जॉबवर्क घेते, शाळेचे शर्ट आणि ट्यूनिक, आणि गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज पण असतात. तीन मशीन आहेत, एक पॉवर मशीन (कंपनी कुठलीही असो आपण सगळे तिला जुकीच म्हणतो), एक तीन दोऱ्याची ओव्हरलॉक (कापडाची कड कापून शिवणारी) आणि एक सासूबाईंची काळी पायडलवाली. यावेळी तिन्हींची सर्व्हिसिंग मार्चमध्येच करून घेतली, आणि ती ज्यांनी केली त्यांच्याबद्दल लिहायचंच असं तेव्हाच ठरवलं होतं, कारण त्याआधी माझे पैसे पण गेले आणि आठ दिवसाचं काम पण.

झालं असं की जुकीवर टाका सुटायला लागला. साध्या कॉटनवर ठीक चालायची पण टेरीकॉटवर कॉलर घेतली की चार टाके बरोबर आणि पाचवा गायब. त्याच्या आदल्या आठवड्यात ट्यूनिकची चेन लावताना सुई चेनवर आपटून मोडली होती, पण या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एका मेकॅनिकला घरी बोलावलं, त्यांनी पाच मिनिटात हुक (सुईखाली फिरून दोरा पकडणारा भाग) गेलाय म्हणून सांगितलं, नवीन बसवला, १६०० रुपये घेतले, दोन दिवस मशीन चालली आणि परत तेच सुरू. नंतर फोन केला तर आता मोटर बदला म्हणाले. टाका सुटतोय आणि मोटर बदला, हे मला पटेना.

मग शेजारच्या कारखान्यातल्या मावशींनी अण्णांचं नाव सांगितलं. अशोक चौकाकडून आत गेलं की गल्लीत त्यांचं छोटं दुकान आहे, बाहेर ओव्हरलॉकची हेडं, म्हणजे टेबलाशिवाय नुसत्या मशीन, रांगेत ठेवलेली दिसतात. आपल्याकडे युनिफॉर्मचे एवढे कारखाने आहेत त्यामुळे पॉवर मशीनवर हात बसलेली माणसं पण आहेत, फक्त ती कुठे बसतात ते घरून काम करणाऱ्या बायकांना माहीत नसतं.

अण्णांनी आधी मशीन उघडलीच नाही. "ताई, एक पट्टी शिवून दाखवा" म्हणाले, मग टाका बघितला, सुई काढून नखावर फिरवून बघितली आणि शेवटची सुई कधी मोडली ते विचारलं. चेनचं सांगितलं तसं लगेच म्हणाले, मग हुक नाही, सुई धरणारी दांडी सरकलीय. नंतर सुईची प्लेट काढून चाक हाताने हळूहळू फिरवत मला दाखवलं. सुई खाली जाऊन जरा वर यायला लागते तेव्हा दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो आणि हुकचं टोक नेमकं त्याच वेळी, सुईच्या नेढ्याच्या जरासं वरून जायला पाहिजे. माझ्या मशीनमध्ये सुई आपटून दांडीच वर सरकलेली, त्यामुळे टोकाला फास कधी मिळायचा कधी नाही, आणि टेरीकॉट जाड असल्याने तिथे जास्त त्रास. दांडीवर बारीक रेघा कोरलेल्या असतात त्या मी इतकी वर्षं शिवते पण कधी बघितल्या नव्हत्या, त्या रेघेवर दांडी आणून स्क्रू कसला, मग हुक जुळवला. सुई आणि हुकचं टोक यात केसभर फट ठेवायची असते, केसभर म्हणजे खरंच केसाएवढी, जास्त झाली तर टाका सुटतो आणि चिकटली तर टोक घासून जातं.

जुना हुक मी ठेवला होता, तो पण दाखवला. त्याच्या टोकाला फक्त खरखर आली होती, बारीक पॉलिश पेपर मारून अण्णांनी गुळगुळीत करून परत दिला, म्हणजे तो बदलायची गरजच नव्हती. बायांनो, पार्ट बदलला की जुना पार्ट मागून घ्याच.

जुकीचा खालचा ऑइल पॅन काढला तर तेल काळं झालेलं आणि खाली नुसता कापसाचा गाळ. हे मात्र पूर्ण माझ्याकडून झालं, मी वरून तेल टाकत राहिले पण जुनं कधी काढलंच नाही. पॅनमध्ये हाय आणि लो अशा दोन खुणा असतात, तेल त्यांच्या मधे पाहिजे आणि मशीन चालू असताना वरच्या काचेत तेल उडताना दिसलं पाहिजे, ते दिसलं नाही तर तिथेच थांबायचं.

काळी मशीन पार जड झाली होती. सासूबाई कायम खोबरेल घालायच्या, घरात असायचं म्हणून. ते सुकून चिकट होतं आणि थंडीत तर गोठतंच. अण्णांनी रॉकेल सोडून सगळ्या भोकांतून ती घाण काढली, पुसून एक रात्र तशीच ठेवली, मग मशीनचं पांढरं तेल दिलं आणि चामडी पट्टा थोडा कापून परत जोडला. आता लेकीचं बोट लागलं तरी चाक फिरतं, सासूबाईंनी स्वतः बसून उशीचा अभ्रा शिवला. ओव्हरलॉकच्या पात्याला धार लावून दिली, बाकी तिला काही नव्हतं.

अजून एक सांगते, कारण हे मला पण उलटं माहीत होतं. कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता झाला की आपण खालच्या दोऱ्याच्या बॉबिन केसचा स्क्रू पिळत बसतो, पण बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांत नीट बसलेला नसतो. कापड दाबणारा फूट वर करून दोरा परत ओवायचा, आधी एवढंच करून बघा.

खर्च जुकीचा ५००, ओव्हरलॉक ३५०, काळी ३००. आधीच्या १६०० पुढे हे काहीच नाही.

न आवडलेलं पण लिहिते. दिवसा फोन उचलत नाहीत, पक्कं बिल देत नाहीत, आणि घरी फक्त रविवारी येतात, नाहीतर हेड टेबलातून काढून रिक्षाने न्यावं लागतं आणि ते दोघांशिवाय उचलत नाही. उद्या म्हणाले की परवा धरा. कॉम्प्युटरवाली एम्ब्रॉयडरी मशीन ते घेतच नाहीत, तसं तोंडावर सांगतात, ते मला बरं वाटलं.

मी पाचपैकी साडेचार देईन. जायचं असेल तर एप्रिल संपायच्या आत जा, शाळा जूनमध्ये उघडतात त्यामुळे मे लागला की कारखान्यांची हेडं आधी होतात आणि आपला नंबर मागे जातो. जाताना ज्या कापडावर त्रास होतोय त्याचा एक तुकडा आणि तुमचा नेहमीचा दोरा सोबत न्या, ते त्याच्यावरच शिवून बघतात.