आधी गट, मग वेट: डिजिटल आकृतींना कपडे चढवण्याचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेले नऊ महिने मी डॅझ स्टुडिओ आणि ब्लेंडर हे दोन प्रोग्राम वापरून डिजिटल मानवाकृतींसाठी कपडे तयार करत आहे. या काळात लहानमोठे अकरा कपडे हातावेगळे केले. त्यांतले सात आजही माझ्या दृश्यांमध्ये वापरात आहेत, तीन मोडीत काढले आणि एका लांब स्कर्टने मला अजून सोडलेले नाही. रिगिंगचे, म्हणजे आकृतीबरोबर हलण्यासाठी कपड्याला सांगाडा जोडण्याचे, बहुतेक धडे वेट पेंटिंगपासून, म्हणजे कपड्याच्या कोणत्या बिंदूवर कोणत्या हाडाचा किती प्रभाव (वेट) हे ब्रशने रंगवण्यापासून सुरू होतात, आणि सुरुवातीला मीही त्याच वाटेने गेले. आज मात्र माझे मत असे झाले आहे, की कपडा नुसता अंगावर बसतो की खरोखर वापरता येतो, हे वेटपेक्षा त्याच्या पॉलिगॉनचे (पृष्ठभाग बनवणाऱ्या लहान तुकड्यांचे) गट कसे पाडले आहेत यावरच जास्त ठरते.

गट म्हणजे काय, याबद्दल नवशिक्याचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. फेस ग्रुप म्हणजे निवडण्यासाठी आणि लपवण्यासाठी एकत्र केलेले पॉलिगॉन. सरफेस, म्हणजेच मटेरियल झोन, ठरवतो की कोणत्या भागाला कोणता रंग, पोत आणि चमक मिळेल. ब्लेंडरमधील व्हर्टेक्स ग्रुप हे प्रकरण वेगळेच आहे, कारण तिथे प्रत्येक बोनच्या (सांगाड्यातील हाडाच्या) नावाचा एक गट असतो आणि त्यात बिंदूंचे वेट साठवलेले असते. ओबीजे फाइल (त्रिमितीय आकार साठवणारी फाइल) साध्या मजकुराच्या प्रोग्राममध्ये उघडली, तर ‘जी’ या अक्षराने सुरू होणारी ओळ गटाचे नाव सांगते आणि ‘यूझएमटीएल’ने सुरू होणारी ओळ मटेरियलचे. पहिल्याच महिन्यात एकदा ही फाइल डोळ्यांखालून घातली असती, तर माझे पुष्कळ तास वाचले असते.

जुन्या काळी गट पाडल्याशिवाय रिगिंग होतच नसे. पोझर या मानवाकृतींच्याच जुन्या प्रोग्रामच्या चौथ्या आवृत्तीत, 1999 मध्ये, आकृतीच्या हालचालीबरोबर आपोआप वळणारे कपडे आले. त्यांत कपड्याच्या प्रत्येक तुकड्याला आकृतीच्या त्या त्या अवयवाचे नाव जसेच्या तसे, अक्षरांच्या लहानमोठेपणासह, द्यावे लागे; एक अक्षर चुकले की बाही हवेत तरंगत राही. शिवाय एखाद्या गटावर फक्त शेजारच्या सांध्याचा परिणाम होत असल्यामुळे कमरेच्या गटात टाकलेला स्कर्टचा घेर मांडीबरोबर हलत नसे. 2011 मध्ये डॅझच्या जेनेसिस आकृतीबरोबर आणि पोझरच्या नवव्या आवृत्तीबरोबर वेट मॅपवर चालणारे रिगिंग आले आणि ही सक्ती संपली. सक्ती संपली तशी शिस्तही गेली. मी विकत घेतलेल्या एका पोशाखात जाकीट, बटणे, अस्तर आणि पट्टा असे सगळे एकाच मटेरियल झोनमध्ये होते. ते दिसायला उत्तम होते, पण पट्ट्याचा रंग बदलायचा म्हटले की सबंध जाकिटाचा रंग बदलत असे.

डॅझ स्टुडिओतील ट्रान्सफर युटिलिटीने मला सर्वांत जास्त साथ दिली. ब्लेंडरमध्ये तयार केलेला कपडा आत आणायचा (इथे मापाकडे लक्ष हवे, कारण ब्लेंडरचे एकक 1 मीटर आहे आणि डॅझचे 1 सेंटिमीटर), स्रोत म्हणून आकृती आणि लक्ष्य म्हणून कपडा निवडायचा, की काही क्षणांत आकृतीचे बोन्स आणि वेट कपड्यावर उतरतात. कपडा मूळ आकृतीऐवजी एखाद्या मॉर्फ केलेल्या, म्हणजे आकार बदललेल्या, शरीरावर बेतला असेल, तर तो आकार वजा करण्याची सोयही तिथेच आहे. अंगाबरोबर चिकटून राहणारे बनियन किंवा तंग पँट यांसाठी एवढे काम जवळजवळ पुरते. सैल कपड्यांना ते पुरत नाही, आणि का पुरत नाही हे मला माझ्या तिसऱ्या कपड्याने, एका सैल बाह्यांच्या जाकिटाने, शिकवले.

जाकीट चढवून हात वर केला, तेव्हा बाहीची खालची कड बरगड्यांना चिकटूनच राहिली आणि काखेत वटवाघळाच्या पंखासारखा पडदा तयार झाला. मला आधी वाटले, की माझ्या मेशमध्येच (पॉलिगॉनच्या जाळीतच) काहीतरी जोडले गेले आहे. प्रत्यक्षात वेट उतरवताना कपड्याच्या प्रत्येक बिंदूला शरीराचा जवळात जवळचा भाग आपले वेट देतो. जेनेसिस 8 ही आकृती मुळातच हात खाली झुकवून उभी असते; त्यामुळे सैल बाहीचा खालचा बिंदू दंडापेक्षा बरगडीच्या अधिक जवळ येतो आणि छातीचे वेट घेऊन बसतो. यात साधनाचा दोष नाही, कारण बाही कोणती आणि बगल कोणती हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

मी सरळ वेटचा ब्रश हाती घेतला आणि दोन संध्याकाळी त्यात घातल्या. बाहीवरचे छातीचे वेट पुसताना आतल्या अस्तरावरचे आणि बगलेच्या शिवणीपलीकडचे वेटही पुसले जात होते, आणि एका बिंदूवरील सगळ्या बोन्सच्या वेटची बेरीज 1 राखली जात असल्यामुळे एका ठिकाणी पुसलेले दुसऱ्या कोणत्या तरी बोनच्या नावावर जमा होत होते. शेवटी मी मागे फिरले आणि ब्लेंडरमध्ये जाकिटाचे गट नव्याने पाडले: मुंढ्याच्या शिवणीपासून पुढे डावी आणि उजवी बाही, दोन्ही कफ, कॉलर, पुढचे दोन भाग, पाठ, अस्तर आणि बटणे. मग डॅझमध्ये बाह्या सोडून बाकी सगळे लपवले, नुसत्या बाहीच्या खालच्या निम्म्या भागावरून छातीचे वेट काढले आणि मुंढ्यालगतच्या तीन ओळींवर ते स्मूथ केले. हे सगळे पाऊण तासात झाले.

कफचा त्रास वेगळ्या प्रकारचा होता. जेनेसिस 3 आणि जेनेसिस 8 या आकृत्यांत दंड, कोपरापुढचा हात आणि मांडी यांना वाकण्यासाठी एक आणि पिळण्यासाठी एक असे दोन बोन्स असतात. मनगट फिरवले, की कफची बाहेरची आणि आतली घडी थोड्या निराळ्या वेटवर असल्यामुळे ओला कपडा पिळावा तशी दिसू लागते. कफचा स्वतंत्र गट असल्यास त्याची प्रत्येक आडवी ओळ निवडून आतल्या-बाहेरच्या बिंदूंना सारखेच वेट देता येते. बटणांचेही तसेच आहे. एका बटणाचे सगळे बिंदू एकाच वेटवर नसतील, तर छाती फुगताच गोल बटण लंबगोल होते.

बटणांवरून डीफोर्सची आठवण निघाली. 2017 मध्ये डॅझ स्टुडिओच्या 4.10 आवृत्तीत आलेले हे कापडाचे सिम्युलेशन मला मनापासून आवडते. बाहीला कोपरात ज्या चुण्या ते पाडते, त्या हाताने कोरणे माझ्या आवाक्याबाहेर आहे. त्याच्या कापडविषयक सेटिंग प्रत्येक सरफेसला स्वतंत्र लागतात. बटणांचा सरफेस वेगळा असेल, तर त्याची डायनॅमिक्स स्ट्रेंग्थ शून्य ठेवून त्याला सिम्युलेशनबाहेर ठेवता येते. वर सांगितलेल्या विकतच्या पोशाखावर मी डीफोर्स चालवला, तेव्हा कापडाला न जोडलेली सहाही बटणे एकामागून एक जमिनीवर घरंगळत गेली. दृश्य मजेदार होते. त्या रात्री मात्र हसू आले नाही.

मोडीत गेलेल्या तीन कपड्यांपैकी दोन निव्वळ माझ्या चुकीने गेले. एका शर्टाचे रिगिंग आणि चार मॉर्फ पूर्ण झाल्यावर कोपरात वळण नीट यावे म्हणून मी मेशमध्ये दोन नव्या आडव्या ओळी घातल्या. मॉर्फ आणि वेट हे बिंदूंच्या क्रमांकावर साठवलेले असतात, ही गोष्ट मला पाठ होती, पण त्या वेळी ती आठवली नाही. मॉर्फ लावला तेव्हा शर्टाचे काटेरी झुडूप झाले. आता मी गट, सरफेस आणि ओळींची संख्या कागदावर लिहून काढते आणि त्यावर फुली मारल्याशिवाय ट्रान्सफर युटिलिटी उघडत नाही.

शरीराच्या मॉर्फबरोबर कपडा आपोआप आकार घेतो, ही सोय मोठी आहे, पण छातीवर कापड ताणून बसण्याऐवजी कातडीसारखे प्रत्येक खळगीत शिरते. त्यावर उपाय असा, की कपड्यासाठी तोच मॉर्फ हाताने बनवून त्याला आकृतीतल्या मॉर्फचेच नाव द्यावे. मग आपोआप काढलेल्या आकाराऐवजी तोच वापरला जातो. स्मूथिंग मॉडिफायरने शरीर कपड्यातून बाहेर डोकावणे थांबते, पण तो जास्त वाढवला की शिवणी आणि खिशांच्या कडा विरघळतात. त्यापेक्षा आतली छाती-पाठ सरळ लपवून टाकावी. ज्यांना फक्त तयार कपडे रंग बदलून वापरायचे आहेत, त्यांनी या सगळ्यात पडण्याची गरज नाही. विकत घेण्यापूर्वी त्या कपड्याला किती मटेरियल झोन आहेत एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

राहिला तो लांब स्कर्ट. त्याच्या डाव्या अर्ध्या भागाला डाव्या मांडीचे आणि उजव्या भागाला उजव्या मांडीचे वेट मिळते, त्यामुळे एक पाय पुढे टाकताच घेर मधोमध चिरल्यासारखा दुभंगतो. मी त्याला स्वतःचे वेगळे बोन्स दिले आहेत आणि घेराचे आठ उभे गट पाडून प्रत्येकाला एक साखळी जोडली आहे. चालण्याच्या पोझमध्ये तो आता चांगला पडतो. आकृती खुर्चीवर बसवली की पुढचे दोन गट अजूनही मांडीत शिरतात.