खिशातलं कार्ड की हातातला फोन?

भाच्याला साकीनाक्याला नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला, "मामा, मेट्रोचं कार्ड काढू, की मोबाईलवरच तिकीट काढत जाऊ?" डोंबिवलीहून लोकलनं घाटकोपर आणि तिथून मेट्रो, असा त्याचा रस्ता. माझाही तोच. "कार्ड काढ," म्हणून मी फोन ठेवला खरा, पण मग वाटलं, दोन्ही वापरून झालंय आपलं, जरा नीट सांगायला हवं होतं. ते आता सांगतो.

या प्रवासाचे दोन भाग आहेत आणि दोघांचा स्वभाव पूर्ण वेगळा. लोकलला गेटच नाही. रोज सत्तर लाखांवर माणसं ये-जा करतात आणि त्यांना अडवायला एक साधी झडप नाही, हे बाहेरगावच्या पाहुण्याला पटवून सांगावं लागतं. गर्दीच्या वेळी बारा डब्यांची एक गाडी दादरला मोकळी झाली की जो लोंढा पुलाकडे निघतो, त्याच्यासमोर कुणी झडपा लावून दाखवाव्यात! तेव्हा लोकलचं गेट म्हणजे पुलाच्या पायथ्याशी उभा असलेला टीसी. तो चार-चार महिने दिसत नाही आणि दिसतो तेव्हा नेमका आपल्यालाच थांबवतो.

त्यामुळे लोकलपुरता प्रश्न सोपा आहे, पास कागदी की ॲपवरचा एवढाच. पैशांत फरक नाही. महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात पडतो आणि तिमाही पास महिन्याच्या 2.7 पट, म्हणजे रोज जाणाऱ्यानं तिमाहीच काढावा. ॲपवर काढला तर खिडकीची रांग वाचते, आणि महिन्याच्या सुरुवातीची रांग ज्यानं पाहिली आहे त्याला यापुढे काही सांगायला नको. पास दाखवताना इंटरनेटही लागत नाही. फक्त स्क्रीनशॉट चालत नाही, तो पास ॲपमध्येच उघडून दाखवावा लागतो. कागदी पास हरवला तर मात्र गेलाच, दुसरी प्रत मिळत नाही. इथपर्यंत मोबाईल पुढे आहे हे मी मान्य करतो.

पण फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीट. टीसीला बॅटरीची कहाणी ऐकवून उपयोग नसतो, भाडं अधिक किमान अडीचशे रुपये दंड. तीन वर्षांचा फोन असेल तर संध्याकाळी घरी येताना ठाण्याच्या पुढे तो किती टक्क्यांवर असतो ते ज्याचं त्यानं पाहावं. मी कागदावर आहे. प्लास्टिकच्या पाकिटात, ओळखपत्राच्या मागे. पावसाळ्यात त्या पाकिटाच्या आत घामाचं धुकं धरतं, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

आता घाटकोपर. जिना चढून मेट्रोकडे वळलं की शहराचे नियमच बदलतात. आधी बॅगेची तपासणी, मग अंगझडती, मग गेट. 2014 साली 8 जूनला ही वर्सोवा-घाटकोपर मार्गिका सुरू झाली तेव्हा कॅरमच्या सोंगटीसारखं प्लास्टिकचं टोकन मिळायचं. आत जाताना टेकवायचं आणि बाहेर पडताना फटीत टाकायचं. ते टोकन खिशातल्या सुट्ट्या पैशांत असं मिसळायचं की बाहेर पडताना माणसं गेटसमोर मूठभर नाणी तळहातावर पसरून उभी असायची. पुढे क्यूआर छापलेला कागद आला आणि आता फोनवर क्यूआर. व्हॉट्सॲपवरही तिकीट मिळतं, सुट्ट्या पैशांची कटकट नाही, रांग नाही. कागदावर पाहिलं तर सगळं फोनच्या बाजूनं आहे.

मी सहा-सात महिने फोनच वापरला. मग एका सकाळी जे झालं ते बारकाईनं सांगतो, कारण माझा निर्णय तिथे झाला.

तपासणीच्या पट्ट्यावरून सॅक आली, ती एका खांद्यावर टाकली. छत्री ओली, ती डाव्या हातात. उजव्या हातात फोन, पडद्यावर क्यूआर आधीच उघडून ठेवलेला, कारण एवढं आतापर्यंत शिकलो होतो. माझ्या पुढचा माणूस गेला. मी फोन पालथा करून काचेवर धरला आणि त्याच क्षणी फोन थरथरला. बहीण. पडदाभर तिचं नाव, खाली हिरवं-लाल बटण, आणि क्यूआर गायब. गेटला बिचाऱ्याला काय दिसलं असेल? नवरात्रातला आमचा फोटो! मी लाल बटण दाबायला गेलो, ओल्या अंगठ्यानं हिरवं लागलं. "अरे, घाईत आहेस का?" असं ती विचारतेय आणि मागून, "काका, बाजूला व्हा ना!" बाजूला व्हायला जागा कुठे होती? दोन्हीकडे गेटच. मागे सरकलो तर रांगेतल्या बाईंच्या पायावर पाय. शेवटी तिचा फोन कापला, पुन्हा चॅट उघडलं, पुन्हा तिकीट शोधलं, उजेड वाढवला, आणि गेट उघडलं. जेमतेम अर्धा मिनिट गेलं असेल. सकाळी पावणेनऊला घाटकोपरच्या गेटवर अर्धा मिनिट म्हणजे किती, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

यात दोष कुणाचाच नव्हता. बहिणीचा तर अजिबात नाही. पण माझ्या लक्षात आलं की फोनवरचं तिकीट दाखवण्याआधी मला रोज पाच-सहा गोष्टी कराव्या लागतात आणि त्यांतली एक जरी चुकली तरी मागची माणसं अडतात. काचेवर ओरखडे, पडद्याचा उजेड कमी, मध्येच पडदा काळा होणं, व्हॉट्सॲपवर चाळीस गटांच्या खाली बुडालेलं ते तिकीट. क्यूआर वाचायला गेटला डोळ्यानं पाहावं लागतं, तेव्हा उजेड हवा, काच स्वच्छ हवी आणि चित्र जागेवर हवं. कार्डाला यातलं काही लागत नाही. त्याच्या चिपला बॅटरीच नसते, गेटमधल्या यंत्राच्या लहरींवर ती तेवढ्यापुरती जागी होते आणि हिशोब करून झोपते. अंधारात चालेल, पाकिटात ठेवूनही चालेल. फक्त त्याच कप्प्यात बँकेचं दुसरं टॅप करायचं कार्ड नको, नाहीतर गेट गोंधळतं.

कार्डाचे दोष नाहीत असं नाही. शिल्लक दिसत नाही, आणि संपते तेव्हा नेमकी घरी परतताना संपते. पैसे अडकून पडतात. बँकांमार्फत मिळणारं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, जे मार्च 2019 मध्ये देशभरातल्या मेट्रो-बससाठी एकच कार्ड म्हणून आलं, त्याची आणखी एक गंमत आहे. प्रवासाचे पैसे त्यात चिपवरच असतात, दोन हजारांच्या मर्यादेत. तुम्ही घरबसल्या ॲपवरून भरले तरी ते चिपवर उतरवायला कार्ड यंत्रावर टेकवावं लागतं. हे माहीत नसलं की ॲपमध्ये पाचशे दिसतात आणि गेट मात्र ढिम्म. आणि मुंबईत मेट्रोच्या मार्गिका वेगवेगळ्या संस्थांकडे आहेत. मरोळ नाक्याला भुयारी मेट्रो धरायची तर या गेटातून बाहेर पडून त्या गेटात शिरावं लागतं. तेव्हा कार्ड घेण्याआधी ते तुमच्या सगळ्या मार्गिकांवर चालतं का, हे खिडकीवर विचारून घ्या. माझं काम एकाच मार्गिकेवर भागतं, त्यामुळे मला हे जाचलेलं नाही. तुम्हाला जाचू शकेल.

महिन्यातून दोन-तीनदा मेट्रोत बसणाऱ्यानं कार्डाच्या भानगडीत पडू नये, असंही मला वाटतं. पाहुण्यांना घेऊन निघालात तर फोनच बरा, कारण एका कार्डावर एकच माणूस आत जातो आणि पाहुणे चार असले की चार तिकिटं बसल्या जागी निघतात. ती चौघांना गेटवर नीट दाखवता येणं हा वेगळा विषय. गावाहून आलेल्या काकूंना मी माझा फोन दिला होता, त्यांनी तो गेटच्या काचेला आदरानं नमस्कारासारखा टेकवला, पडदा वर करून.

आणखी एक गोष्ट धरून चाला. मी सवयीचा माणूस आहे. दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटांना 9 डिसेंबर 2023 पासून 8 ते 14 असे नवे आकडे मिळाले, तरी माझ्या तोंडी अजून जुनेच येतात. तरुण माणसाची बोटं फोनवर माझ्यापेक्षा कितीतरी चपळ चालतात, नवे फोन उजेड आपोआप वाढवतात, आणि ऐन गेटवर फोन येऊ नये म्हणून तो गप्प करून ठेवायची अक्कल प्रत्येकाला असू शकते. मला ती नव्हती. आता कार्ड शर्टाच्या खिशात असतं, सॅक घेतली की दुसऱ्या हातानं ते काढतो, टेकवतो, जातो. बहिणीचा फोन आला तर चालता चालता घेतो.

भाच्यानं माझं ऐकलं का? परवा घाटकोपरला भेटायचं ठरलं होतं. मी गेटच्या रांगेत पोचलो तरी तो दिसेना, म्हणून फोन लावला. पुढे चार माणसं सोडून एक गेट अडलं होतं आणि मागचे लोक ओरडत होते. "कोण करतंय यार आत्ता!" असा ओळखीचा आवाज आला. मी हळूच फोन ठेवून दिला.