‘अ‍ॅड्रिनल थकल्यात’ असं सांगून पैसे उकळणाऱ्यांपासून सावध

‘अ‍ॅड्रिनल फटीग’ (अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकणं) नावाचा आजार वैद्यकशास्त्रात नाही. त्याच नावाखाली माझ्याकडून वर्षभराच्या पॅकेजचे पैसे आगाऊ घेतले गेले, आणि थकव्याचं खरं कारण तसंच अंगात राहिलं. पाळी जाण्याच्या वयात असलेल्या प्रत्येकीने हे वाचावं म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात एका फुकट प्रश्नावलीने होते. सकाळी उठताना थकवा असतो का, रात्री घाम येऊन जाग येते का, चिडचिड वाढली आहे का. पंचेचाळिशीच्या आसपासच्या बहुतेक बायकांची उत्तरं ‘हो’च येणार. मग ‘हॉर्मोन कोच’ म्हणवणारी बाई फोन करते. ती खोटं बोलते, पण एका खऱ्या गोष्टीच्या आधाराने, आणि म्हणूनच ते पटतं. खरी गोष्ट अशी: पाळी कायमची थांबल्यावर बीजकोशांतून येणारं इस्ट्रोजेन अगदी कमी होतं. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी जी अँड्रोजेन्स (पुरुषी हॉर्मोन्स) तयार करतात, त्यांतल्या काहींचं चरबीत इस्ट्रोन नावाच्या सौम्य इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होतं. हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. कोच त्याला स्वतःचं शेपूट जोडते: ‘हे ओझं तुमच्या अ‍ॅड्रिनलना पेलवत नाहीये, त्या थकल्यात.’ या शेपटाला कसलाही पुरावा नाही. २०१६ साली ५८ अभ्यास एकत्र तपासून संशोधकांनी ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ला पुरावा नाही असाच निष्कर्ष काढला.

पुढे लाळेतल्या कॉर्टिसॉलची (अ‍ॅड्रिनलमधून येणारं हॉर्मोन) तपासणी. दिवसातून चार वेळा नमुना, मग रंगीत आलेख, त्यावर थकव्याची ‘तिसरी पायरी’. कॉर्टिसॉल पहाटे-सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं. झोप मोडत असेल तर त्या आलेखात चढउतार दिसले म्हणून ग्रंथी थकल्या असं ठरत नाही. अ‍ॅड्रिनल खरंच निकामी होतात तो अ‍ॅडिसनचा आजार, १८५५ सालापासून माहीत असलेला. त्यात वजन घटतं, रक्तदाब पडतो, कातडी काळवंडते. निदान सकाळच्या रक्तातल्या कॉर्टिसॉलवरून आणि एसीटीएच (अ‍ॅड्रिनलना कॉर्टिसॉल बनवायला सांगणारं हॉर्मोन) देऊन केलेल्या चाचणीवरून होतं, प्रश्नावलीवरून नाही.

‘अ‍ॅड्रिनल सपोर्ट’च्या गोळ्या आल्या. लेबलवर काही वनस्पतींची नावं आणि ‘विशेष मिश्रण’ एवढंच. कशाचं किती, ते नाही. पहिले काही दिवस तरतरी वाटली. मग छातीत धडधड, हात थरथरणं. कोचचं उत्तर तयार होतं: ‘शरीर बरं होताना असं होतंच, डोस वाढवा. डॉक्टरांकडे जाऊ नका, ते रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून घरी पाठवतात.’ हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकाल, त्याला एक पैसाही देऊ नका.

मी डॉक्टरांकडे गेले. टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं हॉर्मोन) फार खाली गेलेलं निघालं, म्हणजे शरीरात थायरॉइडचं हॉर्मोन जास्त होतं. त्यांनी गोळ्यांची बाटली मागितली. त्या बाटलीत काय होतं हे कधीच सिद्ध झालं नाही, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या बंद केल्यावर टीएसएच जागेवर आलं. २०१८ साली अमेरिकेत अशा १२ पूरकांची तपासणी प्रसिद्ध झाली आहे: बाराच्या बारांमध्ये थायरॉइडचं टी-३ हॉर्मोन सापडलं, आणि ७ मध्ये स्टेरॉइड गटातलं किमान एक हॉर्मोन. लेबलवर त्याचा उल्लेख नव्हता.

आणि थकवा? फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलं होतं. पेरिमेनोपॉजमध्ये, म्हणजे पाळी जाण्याआधीच्या काळात, काही महिने बीज सुटतच नाही, गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि मग अंगावरून खूप जातं. मला तेच होत होतं. कोचच्या लांबलचक प्रश्नावलीत रक्तस्रावाबद्दल एकही प्रश्न नव्हता. लोह सुरू केल्यावर हळूहळू बळ आलं. रात्रीच्या घामासाठी हॉर्मोनचे उपचार आहेत, ज्यांना ते चालत नाहीत त्यांच्यासाठी हॉर्मोनविरहित औषधंही आहेत. ती तपासून देणारे डॉक्टर लागतात.

पैसे परत मागितल्यावर ‘कार्यक्रम पूर्ण केला नाही’ असं उत्तर आलं आणि त्यांनी मला त्यांच्या ग्राहकांच्या ग्रुपमधून काढलं. ग्राहक तक्रारीसाठी पावत्या आणि चॅट जपून ठेवलेत, तुम्हीही ठेवा.

कोणी अशा गोळ्या आधीपासून घेत असेल तर आज रात्री एकदम बंद करू नका. आत स्टेरॉइड असेल तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल दबलेलं असतं, आणि अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. त्या ग्रुपवर एका ताईंनी लिहिलं होतं की पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, आणि कोचने ‘हॉर्मोन जागे होताहेत’ म्हणून अभिनंदन केलं. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचं ते पहिलं लक्षण असू शकतं. ताई, हे वाचत असाल तर उद्याच तपासून घ्या.