पाचवीत जाण्याआधीचे बारा दिवस

आमच्या वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच आहे. पट २३, शिक्षक दोन. एकीकडे पहिली-दुसरी, एकीकडे तिसरी-चौथी. पोरीला ताप आला तर गुरुजी स्वतः गाडीवर बसवून घरी आणून सोडायचे. तिथून जूनमध्ये एकदम हायस्कूल: सहा किलोमीटर, एसटीचा प्रवास, पाचवी ते दहावीची सातशेच्या वर मुलं, तासाला नवा शिक्षक. पोरगी हुशार आहे, पण बुजरी. चौथीची परीक्षा जवळ आली तशी रात्री झोपेत दचकायला लागली. म्हणून शेजारच्या गावातल्या निवृत्त बाई मे महिन्यात जो पाचवी-तयारीचा वर्ग घेतात, त्यात तिला घातलं. बारा दिवस, सकाळी ८ ते १०, फी ६०० रुपये. आता सहामाही होऊन गेली आहे, म्हणून लिहितेय. लगेच लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

सगळ्यात मोठा उपयोग वर्ग सुरू व्हायच्या आधीच झाला. बाईंनी एप्रिलमध्येच पालकांना कागद घेऊन बोलावलं होतं: जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल. तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून त्यांनी एकेक अक्षर जुळवलं. आमच्याकडे घोळ निघाला. पहिलीला नाव घालताना आईच्या नावाच्या रकान्यात माझं माहेरचं नाव पडलं होतं, बाकी सगळीकडे सासरचं. बाई म्हणाल्या, "पोरगी पटावर आहे तोवर दुरुस्त करून घे. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की मग हेच काम फार किचकट होतं, आणि दाखल्यावरचं नाव पुढे दहावीच्या बोर्डापर्यंत जातं." आठवड्यात काम झालं. माझ्या नणंदेच्या मुलाच्या जन्मतारखेचा असाच घोळ दहावीच्या फॉर्मला लक्षात आला होता. तेव्हा त्या घराने काय हेलपाटे घातले ते मी पाहिलंय. ज्यांची मुलं चौथीत आहेत त्यांनी एवढं तरी कराच, मग वर्गाला घाला नाहीतर नका घालू.

वर्गात धडे फार शिकवत नाहीत, हे आधी सांगते, कारण काही पालक त्यावरून नाराज होते. बाई शिकवतात तो शाळेचा दिवस. फळ्यावर हायस्कूलचं खरं वेळापत्रक लिहून काढलं, आठ तासिका, ३५ मिनिटांच्या. मुलांनी ते उतरवून घ्यायचं आणि रोज घरून उद्याच्या वारचं दप्तर भरून आणायचं. दुसऱ्या दिवशी बाई दोघा-तिघांची दप्तरं उघडून बघायच्या. चौथीपर्यंत आमची पोरगी सगळी पुस्तकं रोज नेत होती, कारण गुरुजी कधी काय काढायला सांगतील याचा नेम नसायचा. वेळापत्रक बघून दप्तर भरायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तिला ते शिकवायचं सुचलं नव्हतं.

दर अर्ध्या तासाने बाई खोलीबाहेर जायच्या आणि "आता मी गणिताची मॅडम" म्हणून परत यायच्या. मुलांनी त्या विषयाची वही काढून तयार राहायचं. वाड्यावस्त्यांवर गुरुजी आणि बाई, हायस्कूलला सर आणि मॅडम. हा बदलसुद्धा मुलांच्या जिभेवर बसावा लागतो. "मॅडम, मला हे समजलं नाही, परत सांगता का?" हे वाक्य प्रत्येकाला रोज एकदा उभं राहून मोठ्याने म्हणायला लावलं. आमची पहिले चार दिवस ओठातल्या ओठात पुटपुटायची. पाचव्या दिवशी मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

पाचवीत हिंदी नव्याने येते. लिपी तीच असल्यामुळे मुलं वाचतात भराभर, अडतात ते लिंगात. मराठीत ते पुस्तक, ते दप्तर, ते झाड. हिंदीत नपुंसकलिंग नाहीच, मग पुस्तक स्त्रीलिंगी होतं आणि पेड पुल्लिंगी. यावर बाईंनी दोन सकाळी घालवल्या, वस्तू हातात घेऊन. अपूर्णांकांसाठी मात्र भाकरी आणली होती. चतकोर, अर्धी, पाऊण हे शब्द पोरांच्या तोंडात आधीपासूनच आहेत. पाऊण म्हणजे चारातले तीन हे त्यांना तोंडी येत होतंच, फक्त अंश-छेद मांडायचं राहिलं होतं.

अकराव्या दिवशी एसटीने हायस्कूलपर्यंत नेऊन आणायचं ठरलं होतं. यंदा, २०२५ ला, मे महिन्यातच पाऊस लागून राहिला. तो दिवस दोनदा पुढे ढकलावा लागला, पण बाईंनी रद्द केला नाही. कुठल्या बाजूला उभं राहायचं, गाडी थांबल्याशिवाय पुढे जायचं नाही, परतीची गाडी चुकली तर हायस्कूलच्या ऑफिसात जाऊन घरी फोन करायचा, हे सगळं प्रत्यक्ष करून घेतलं. पाण्याची टाकी, मुलींचं स्वच्छतागृह, ऑफिस कुठे आहे ते दाखवलं. खेड्यातल्या मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास मोफत असतो, अहिल्यादेवी होळकर योजनेतून. मुलांना तिकिटाच्या साधारण एक तृतीयांश भरावे लागतात. २०२४ पासून पास शाळेतच द्यायला सुरुवात झाली, त्यामुळे आगारात रांग लावावी लागली नाही. मी शिलाई करते, म्हणून बाईंनी मला एक काम सांगितलं: सगळ्या मुलींच्या गणवेशाला पाससाठी आतून खिसा. १४ खिसे शिवले. माझ्या पोरीच्या ड्रेसला दोन इंच मायाही ठेवली, वर्षभरात उसवून मोठा करता यावा म्हणून.

उणीवा आहेत. इंग्रजीला एकच दिवस मिळाला, आणि हायस्कूलला आमची मुलं सगळ्यात जास्त तिथेच मागे पडली. सहामाहीत पोरीला बाकी विषयांत चांगले गुण आहेत, इंग्रजीत मात्र कसेबसे. पाचवीच्या वार्षिक परीक्षेत आता किमान गुण मिळवावेच लागतात, नाहीतर फेरपरीक्षा. त्यातही नाही जमलं तर पुन्हा त्याच वर्गात. हे बाईंनी पालकांना स्पष्ट सांगायला हवं होतं, मला ते ऑगस्टमध्ये कळलं. दुसरं, दहा-अकरा वर्षांच्या मुलींशी पाळीबद्दल कुणीतरी बोलायला हवं. एक तास मुलींचा वेगळा ठेवता आला असता. मी बाईंना जाऊन दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांनी वहीत लिहून घेतल्या, आणि पुढच्या वर्षी मुलींच्या तासाला आशाताईंना बोलावू म्हणाल्या.

१६ जूनला शाळा उघडली. मी फाट्यापर्यंत सोडायला गेले तर पोरगी म्हणाली, "आई, तू इथूनच जा, मला खिडकीजवळची जागा धरायचीय." संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने मंगळवारचं दप्तर भरलं आणि मग जेवायला बसली. झोपेत दचकणं थांबायला मात्र जुलै उजाडला.

पुढच्या मेमध्ये वर्ग आहे. खोलीत २६ मुलंच मावतात, म्हणून नाव मार्चमध्येच सांगून ठेवा. बाकं अपुरी आहेत, बस्कर घरून न्या.