अस्सल डब्यात भंगारातले इन्सर्ट: इनकोनेलचं काम करणाऱ्यांनी खरेदीआधी वाचावं

बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा भागातल्या ज्या वर्कशॉपमध्ये इनकोनेल ७१८ (उष्णतेत टिकणारा निकेलचा मिश्रधातू) किंवा टायटॅनियमचं जॉबवर्क चालतं, त्यांनी कपाटातले कार्बाइड इन्सर्टचे, म्हणजे होल्डरमध्ये बसवायच्या कापणाऱ्या टिपांचे, डबे आजच बाहेर काढून बघावेत. आमच्याकडे 'एस' ग्रेडचे (अशा उष्णतारोधक धातूंसाठीचे) नवे म्हणून आलेले सीएनएमजी १२०४०८ (आकार आणि मापाचा कोड) इन्सर्ट वापरलेले, घासून धार काढलेले आणि वरून पुन्हा कोटिंग मारलेले निघाले. डबा खरा, लेबल खरं, आतला माल भंगारातला. विकणाऱ्याचं म्हणणं होतं, की एका मोठ्या एअरोस्पेस कंपनीच्या स्टोअरमधला हा शिल्लक साठा आहे. दर बाजारभावापेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी. त्याचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार जिथे द्यायची तिथे दिली आहे. पण त्याची पद्धत सगळ्यांना कळायला हवी.

पहिला डबा शंभर टक्के खरा असतो. तो चाचणीसाठी म्हणून येतो, मशीनवर उत्तम चालतो आणि खरेदीवाल्याचा विश्वास बसतो. पुढच्या ऑर्डरमध्ये दहा नगांच्या डब्यात दोन-तीन खरे आणि बाकीचे घासलेले. ऑपरेटर समोरच्या खणातला नग आधी उचलतो, तो खरा निघतो. चौथ्या-पाचव्या नगाला धार लवकर बसते (बोथट होते), तेव्हा संशय डब्यावर जात नाही. तो ऑपरेटरवर जातो. "स्पीड वाढवलास काय रे?" हाच पहिला प्रश्न.

प्रश्न चुकीचाही नसतो, आणि नेमका त्याच गोष्टीचा फायदा हे लोक घेतात. इनकोनेलमध्ये टूल झिजतंच. एजिंग केलेल्या (तापवून कडक केलेल्या) ७१८ ची कडकी ३६ ते ४४ एचआरसी असते आणि साडेसहाशे अंश सेल्सिअसपर्यंत त्याची ताकद फारशी उतरत नाही. साध्या कार्बन स्टीलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता मीटर-केल्विनमागे ५० वॉटच्या आसपास, तर इनकोनेलची जेमतेम ११. चिपबरोबर बाहेर जायची उष्णता धारेतच साठते. शिवाय प्रत्येक कटनंतर जॉबचा पृष्ठभाग आणखी कडक होतो आणि पुढच्या पासला, डेप्थ ऑफ कटची रेघ जिथे येते तिथे, इन्सर्टला खाच पडते. म्हणून कार्बाइडने इथे मिनिटाला ४० ते ५० मीटरवरच काम करायचं. २०० मीटर आणि त्यापुढचं काम सिरॅमिकचं. तिथे कार्बाइडची धार काही सेकंदांत बसते. १९०७ साली टेलरने मांडलेलं टूल लाइफचं सूत्र कार्बाइडला लावलं, तर स्पीड २० टक्के वाढला की आयुष्य जवळपास निम्मं होतं. धार लवकर गेली की सुपरवायझर स्पीड, कूलंट, बारचा हीट नंबर (धातूच्या घाणीचा क्रमांक), होल्डरचा क्लॅम्प सगळं तपासत बसतो, आणि तेवढ्यात दुसरा डबा संपतो. माइल्ड स्टीलच्या कामात ही फसवणूक आठवड्यात उघडी पडली असती.

खरं-खोटं ठरवायला एकच पक्की परीक्षा आहे. कंपनीच्या अधिकृत डीलरकडून घेतलेला एक नग आणि संशयित नग एकाच मशीनवर, एकाच होल्डरमध्ये, एकाच बारवर चालवायचे. स्पीड ४५ मीटर, फीड ०.१५ मिमी प्रति फेरा, डेप्थ १ मिमी. कूलंट रिफ्रॅक्टोमीटरने तपासून ८ ते १० टक्के. रीडिंगला त्या कूलंटचा फॅक्टर लावायला विसरू नये. दर दोन मिनिटांनी थांबून इन्सर्ट मायक्रोस्कोपखाली धरायचा आणि फ्लँकची (धारेखालच्या बाजूची) झीज मोजून लिहायची. आयएसओ ३६८५ मधली मर्यादा सरासरी ०.३ मिमी आहे, झीज वेडीवाकडी असेल तर जास्तीत जास्त ०.६. खऱ्या इन्सर्टची झीज सुरुवातीला थोडी पटकन येते, मग बराच वेळ संथ वाढते आणि शेवटी एकदम सुटते. पुन्हा कोटिंग केलेल्या नगाला मधला संथ टप्पा जवळपास नसतोच. पहिल्या थांब्यालाच कोटिंगचे पापुद्रे गेलेले आणि खालचा राखाडी कार्बाइड उघडा पडलेला दिसतो. सीएनएमजीला दोन्ही बाजू धरून चार धारा. चारही तपासा, कारण न वापरलेली एखादी धार घासल्याशिवाय तशीच ठेवलेली असते.

मोठा मायक्रोस्कोप नसेल तर यूएसबी कॅमेरावाला साधा मायक्रोस्कोपही पुरतो. वीस-तीस पटीत बरंच दिसतं. पण त्याआधी मायक्रोमीटर. सीएनएमजी १२ च्या समोरासमोरच्या समांतर बाजूंमधलं अंतर १२.७० मिमी असायला हवं आणि 'एम' टॉलरन्सला (कोडमधलं तिसरं अक्षर, अचूकतेचा वर्ग) सूट फक्त ०.०८ ची. आमच्या संशयित नगांमध्ये १२.५५ च्या आसपासचे आकडे आले. बाजू घासल्याशिवाय एवढं माप उतरत नाही. त्यातून दुसरा त्रास होतो: इन्सर्ट बदलल्यावर नोजची (टोकाची) जागाच सरकते, ऑफसेट न बदलता चालवलं की व्यास मोठा येतो. नोज ०.०५ मिमी मागे गेली तर व्यासात ०.१ मिमी फरक.

मग बाजूचा पृष्ठभाग बघायचा. 'एम' टॉलरन्सच्या इन्सर्टची बाजू सहसा भट्टीतून आली तशीच असते, एकसारखी, बारीक रवाळ. ग्राइंडिंगच्या समांतर रेघा कोटिंगखालून दिसल्या की समजावं, कोणीतरी हात लावलाय. धारेलगतची सपाट पट्टी खऱ्या नगावर दोन्हीकडे सारख्या रुंदीची असते. घासलेल्यावर ती एका कोपऱ्याला अरुंद होत जाते आणि कधी चिपब्रेकरचा (चिप तोडणारा) खड्डा थेट धारेलाच भिडतो. तिथेच पुढे टवका उडतो. खालच्या बाजूला आधीच्या क्लॅम्पिंगचे डाग असतात, भोकाच्या काठावर पिन दाबल्याची चकाकी असते, आणि या दोन्हींवरून नवं कोटिंग गेलेलं असतं. ग्रेडची अक्षरंही त्याच रंगात बुजलेली दिसतात. हे शेवटचं चिन्ह सगळ्यात सोपं, नुसत्या भिंगाने ओळखता येतं.

असं कोटिंग टिकत का नाही, तर पीव्हीडी (वाफेतून बसवलेल्या) कोटिंगची जाडी दोन ते पाच मायक्रॉन आणि त्याची पकड खालच्या पृष्ठभागावर अवलंबून. जुनं कोटिंग रसायनाने काढताना वरच्या थरातला कोबाल्टही निघून जातो. कोबाल्ट म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे कण धरून ठेवणारा चुना. तो गेला की वरचा थर ठिसूळ होतो आणि नवं कोटिंग त्या थरासकट सुटतं. जुन्या वापरातल्या सूक्ष्म भेगा तर आत असतातच.

रीग्राइंडिंगला आमचा अजिबात विरोध नाही. सॉलिड कार्बाइड एंडमिल धार लावून, कमी झालेला व्यास लिहून, उघडपणे रीग्राइंड म्हणून विकणारे प्रामाणिक लोक आपल्या भागात आहेत आणि त्यांच्यामुळे लहान युनिटचा खर्च वाचतो. गुन्हा आहे तो जुना माल नव्या डब्यात घालून विकण्याचा.

दुसरा प्रकारही ऐकण्यात आहे: स्टीलसाठीचा इन्सर्ट 'एस' च्या डब्यात. आयएसओच्या रंगखुणेत 'पी' निळा, 'एस' तपकिरी. पण हा रंग डब्यावर असतो, इन्सर्टवर नाही. स्टीलच्या अनेक ग्रेडवर जाड सीव्हीडी (रासायनिक वाफेतून बसवलेलं) कोटिंग असतं आणि धार त्यामानाने गोल असते. इनकोनेलवर ती कापण्यापेक्षा घासते, पृष्ठभाग कडक करते आणि खाच लवकर पडते. एस ग्रेडच्या डब्यात पिवळी सोनेरी झाक असलेला इन्सर्ट निघाला तर कॅटलॉग उघडून तो ग्रेड तसाच असतो का ते आधी बघा.

कागदपत्रांत बघायच्या गोष्टी सीमाभागात जरा वेगळ्या आहेत. निम्मी खरेदी कोल्हापूरकडून, निम्मी इथूनच. कर्नाटकचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने. २७ वाल्याने बेळगावला माल पाठवला तर बिलात १८ टक्के आयजीएसटी लागायला हवा. तिथे सीजीएसटी आणि एसजीएसटी असे ९-९ लावलेले दिसले की पैसे देण्याआधी जीएसटी पोर्टलवर क्रमांक तपासा. सुट्या कार्बाइड इन्सर्टचा एचएसएन (मालाच्या वर्गाचा क्रमांक) ८२०९. बिलावर ग्रेड, नगसंख्या आणि लॉट नंबर लिहून घ्या, आणि तो लॉट नंबर मूळ कंपनीकडे पाठवून पडताळा. डब्यावरचा कोड स्कॅन झाला म्हणजे आतला माल खरा, असं धरू नका. पैसे कोणाच्या खाजगी यूपीआयवर मागितले तर तिथेच व्यवहार थांबवा.

फसवणूक लक्षात आली की उरलेले नग, डबे, बिल आणि चॅट जसंच्या तसं ठेवा, दोन-तीन नग सीलबंद करा. व्यवसायासाठीची खरेदी असल्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता बहुतेक वेळा बंद असतो. पोलिसांत भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि ट्रेड मार्क्स ॲक्ट १९९९ ची कलमं १०३ व १०४ लागू होतात. मूळ कंपनीला सोबत घेतलं तर तांत्रिक अहवाल मिळतो, त्याने फार फरक पडतो. अर्ज कन्नडमध्ये लिहून दिला तर ठाण्यात काम लवकर पुढे सरकतं.

त्या इन्सर्टने केलेल्या जॉबचं काय, हा सगळ्यात गंभीर भाग आहे. बसलेली धार इनकोनेलचा पृष्ठभाग फाडते, चोपडते आणि त्यात ताण सोडते. माप बरोबर आलं तरी थकव्याने भेग जाण्याचा धोका त्या पृष्ठभागात राहतो, आणि तो व्हर्नियरला दिसत नाही. ते जॉब वेगळे काढा, लाल टॅग लावा आणि ग्राहकाला लेखी कळवा. काही जॉब रद्द होतील. ऑर्डर जाईल ही भीती खरी आहे, पण तो भाग विमानात बसणार असतो.

आपल्याकडचे वापरलेले इन्सर्ट रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. काही उत्पादक कार्बाइड वजनावर परत घेतात, त्यांना द्या. रिकामे डबेही जपून हाताळा. लेबल खरवडा, डब्याचे दोन तुकडे करा आणि मगच कचऱ्यात टाका. असा धंदा चालायला घासलेल्या इन्सर्टइतकीच गरज अस्सल रिकाम्या डब्यांची लागते, आणि ते डबे आपल्याच वर्कशॉपमधून जातात.