जुन्या डेस्कटॉपला सॅमसंग ८७० ईव्हो: ५०० जीबी साटा एसएसडीचा अनुभव

माझे अक्षरजुळणीचे काम ज्या डेस्कटॉपवर चालते, तो इंटेलच्या चौथ्या पिढीचा, एच८१ चिपसेटचा आहे. सकाळी बटण दाबून चहा ठेवावा, तर चहा गाळून झाला तरी हार्ड डिस्कची घरघर चालूच असे. दोष प्रोसेसरचा नव्हता. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर विखुरलेली एकेक फाइल शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, आणि विंडोजबरोबर शेकडो देवनागरी फॉन्ट लोड होताना असे शोध हजारोंनी घ्यावे लागतात.

म्हणून फिरती तबकडी नसलेला, चिपमध्ये माहिती ठेवणारा एसएसडी घ्यायचे ठरवले. दुकानदाराने एनव्हीएमई, म्हणजे एसएसडीच्या अधिक वेगवान प्रकारच्या ड्राइव्हचा आग्रह धरला, कारण त्याच्या खोक्यावर सेकंदाला ३,५०० एमबीचा आकडा होता. माझ्या मदरबोर्डवर मात्र तो बसवायची एम.२ नावाची खाचच नाही, आणि ॲडॅप्टर लावला तरी इतके जुने बायोस (संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) त्यावरून विंडोज सुरू करेलच याची खात्री नसते. म्हणून हार्ड डिस्कसारखाच साटा केबलने जोडायचा २.५ इंची ड्राइव्हच घ्यायचा ठरला. क्रुशियल बीएक्स५०० स्वस्त पडत होता, पण त्यात डीरॅम (फायलींच्या जागांची नोंद ठेवणारी वेगवान मेमरी) नाही आणि वॉरंटी ३ वर्षांची. ८७० ईव्होला ती ५ वर्षांची किंवा ३०० टीबी लेखनाची, जे आधी संपेल ते. दिवसभर फायली सेव्ह करणाऱ्याने हा फरक पाहावा.

जोडणीत चूक माझीच झाली. एच८१वर चार साटा पोर्ट असले, तरी सेकंदाला ६ गिगाबिटचे त्यांतले दोनच असतात, आणि मी केबल खोचली ती ३ गिगाबिटच्या पोर्टात. वाचनाचा वेग सेकंदाला २७० एमबीच्या पुढे जाईना. पोर्ट बदलताच तो ५४०वर गेला. गंमत म्हणजे रोजच्या कामात या दुपटीचा फरक फारसा जाणवला नाही, कारण खरी बचत शोधण्याच्या वेळेत होते आणि ती चुकीच्या पोर्टावरही झालीच होती.

३.५ इंची खणात बसवण्याची पट्टी खोक्यात मिळत नाही, ती वेगळी घ्यावी लागली. विंडोज मी नव्याने टाकले. सॉफ्टवेअर, फॉन्ट आणि चालू महिन्याची कामे एसएसडीवर ठेवली आणि छापून झालेली पुस्तके जुन्या १ टीबी हार्ड डिस्कवर. एखाद्या ग्राहकाने दोन वर्षांपूर्वीची फाइल मागितली, तरच ती घरघर आता ऐकू येते.